आधी नियम, मग खांब : सोलापुरातल्या सेन्सरांची माहिती कोणाच्या हातात?

कंबरतळे

सोलापूरकरहो,

जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांची यादी लागली, तेव्हा आपलं गाव नवव्या क्रमांकावर होतं. अभियानाची मुदत ३१ मार्च २०२५ ला संपली. कुठलं काम झालं आणि कुठलं राहिलं यावर भांडायला इथं दुसरे धागे आहेत. मला बोलायचंय ते अभियानानं देशभरातल्या शहरांना लावलेल्या एका सवयीबद्दल. खांबावर, टाकीवर, जलवाहिनीवर, चौकात यंत्र बसवायचं, त्यातून निघणारी माहिती एका नियंत्रण कक्षातल्या मोठ्या पडद्यावर न्यायची, आणि ज्याच्या दारात ते यंत्र बसलं त्याला ते काय मोजतंय हेही सांगायचं नाही.

माझं म्हणणं असं आहे. लोकांच्या पैशानं, लोकांच्या जागेत बसवलेल्या सेन्सरची माहिती लोकांची आहे. ती कोणत्या रूपात, किती वेळात, कुठं मिळणार हे खांब उभा राहायच्या आधी नियमात लिहून ठेवलं पाहिजे. नंतर मागून ती मिळत नाही, कारण तोवर ठेका दिलेला असतो आणि ठेक्यात जे लिहिलेलं नाही ते ठेकेदार देत नाही.

हे सोलापूरकराला वेगळं समजावून सांगायची गरज पडू नये. उघड्या माहितीवर जगायची सवय आपल्याइतकी कुणाला आहे? पावसाळा सुरू झाला की गल्लीतलं पोरगंसुद्धा उजनी धरणात येणारा दौंडचा विसर्ग किती क्युसेक आहे ते सांगतं. उजनी वजा किती, अधिक किती, मृतसाठ्यातून बाहेर आलं का, हे आपण पेपर उघडल्यावर आधी बघतो. एकूण ११७ टीएमसीच्या धरणात त्रेसष्ट टीएमसीच्या वर मृतसाठाच आहे, हे कुठल्या शाळेत शिकवलं नाही, तरी सगळ्यांना पाठ आहे. धरणाची पातळी रोज जाहीर होते. शेतकरी त्यावर ऊस ठेवायचा की मोडायचा ते ठरवतो, पत्रकार बातमी करतो, आणि यातून आजवर कुणाचं काही बिघडलेलं नाही.

मग तेच पाणी शहराच्या वेशीत शिरल्यावर त्याचा हिशेब असा उघडा का नसावा? आपलं पाणी तीन वाटांनी शुद्धीकरण केंद्रांवर येतं. उजनीहून शंभरेक किलोमीटरच्या जलवाहिनीनं पाकणीला. भीमेत सोडलेलं पाणी औज बंधाऱ्यात अडवून टाकळीहून सोरेगावला. आणि हिप्परगा तलावाचं भवानी पेठेला. प्रत्येक टप्प्यावर प्रवाहमापक बसला तर किती निघालं आणि किती पोचलं ते तासातासाला कळतं. मधला फरक म्हणजे गळती किंवा चोरी. हा आकडा टाकीनिहाय लोकांपुढं आला की ‘धरण भरलंय तरी आम्हाला चार दिवसांआड का?’ या प्रश्नाला कुणालाच मोघम उत्तर देता येणार नाही.

हवेचंही तसंच. केंद्राच्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत सोलापूर आहे, म्हणजे ठरलेल्या मानकांपेक्षा आपल्याकडं धूळ जास्त आहे हे सरकारनंच मान्य केलंय. २०१९ मध्ये तो कार्यक्रम सुरू झाला, पुढं उद्दिष्ट वाढवून २०२५-२६ पर्यंत धूलिकण चाळीस टक्क्यांपर्यंत कमी करायचे ठरले. पीएम १० साठी, म्हणजे दहा मायक्रॉनपर्यंतच्या कणांसाठी, चोवीस तासांची मर्यादा घनमीटरला शंभर मायक्रोग्रॅम आणि पीएम २.५ साठी, म्हणजे अडीच मायक्रॉनपर्यंतच्या बारीक कणांसाठी, साठ. आता अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीजवळ राहणाऱ्या बाईला संपूर्ण शहराचा एक आकडा सांगून काय उपयोग? तिला तिच्या गल्लीचा आकडा पाहिजे.

आता दुसरी बाजू. अमेरिकेतल्या सॅन डिएगो शहरानं २०१६ च्या सुमारास वीज वाचवायला आणि वाहतूक मोजायला म्हणून रस्त्यावर नवे दिवे मंजूर केले. त्यातल्या सुमारे ३,२०० दिव्यांत कॅमेरे होते. पोलीस ते चित्रण तपासासाठी वापरतात हे लोकांना पुढं बऱ्याच काळानं कळलं, मोठा गदारोळ झाला आणि २०२० मध्ये महापौरांना ते कॅमेरे बंद करायचे आदेश द्यावे लागले. पाळतीच्या साधनांवरचा कायदा तिथं २०२२ मध्ये झाला. खांब आधी, नियम सहा वर्षांनी. याच्या उलट अ‍ॅमस्टरडॅममध्ये १ डिसेंबर २०२१ पासून सार्वजनिक जागेत सेन्सर लावणाऱ्या प्रत्येकाला, कंपनी असो की सरकारी संस्था, त्याची नोंद पालिकेकडं करावी लागते आणि ती नोंदवही नकाशावर कुणालाही बघता येते.

सोलापूरच्या नियमाचा गाभा माझ्या मते दोन वाक्यांत मावतो. यंत्र हवा, पाणी, आवाज, नाल्याची पातळी मोजत असेल तर माहिती पूर्ण उघडी. यंत्र माणसाला किंवा त्याच्या घराला मोजत असेल तर एकेकट्याची माहिती पूर्ण बंद, उघडी फक्त बेरीज.

दुसरं वाक्य का, ते नळाच्या मीटरवरून सांगतो. नळाला तासातासाचं वाचन देणारं मीटर लागलं तर घरात माणसं कधी उठतात, कधी कामाला जातात आणि घर किती दिवस बंद आहे हे सगळं त्यातून दिसतं. ती माहिती चोराच्या हातात पडली तर काय होईल ते सांगायला नको. पण अशा चाळीस घरांची नुसती बेरीज टाकीच्या हिशेबाला पुरते.

महानगरपालिका अधिनियम, १९४९ च्या कलम ४५८ खाली पालिकेला उपविधी, म्हणजे शहरापुरते नियम, करता येतात. मसुदा जाहीर होतो, हरकती ऐकाव्या लागतात, राज्य शासनाची मंजुरी लागते. वाट लांबची आहे, म्हणूनच आता सुरुवात करायला हवी. तुमचं काय मत?

---

मागधागा

मी पूर्व भागातला. घरात चार माग आहेत, टॉवेल काढतो. तुमचं लिखाण पटलं, पण माझ्या पोटात गोळा आला ते सांगतो.

तुम्ही म्हणता आवाजाची माहिती पूर्ण उघडी. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री दहानंतर ४५ ही मर्यादा आहे. यंत्रमाग चालू असलेल्या खोलीत त्याच्या कितीतरी वर आवाज असतो, हे आमच्या कानांना विचारा. आमच्याकडं राहतं घर आणि कारखाना वेगळा नाही. खाली माग, वर चूल. उद्या गल्लीच्या तोंडाला खांबावर यंत्र बसलं आणि त्याचा आकडा रोज नकाशावर लाल दिसायला लागला, तर पहिली नोटीस कुणाला येणार? चादर-टॉवेलचा धंदा आधीच कसातरी तग धरून आहे. वीज महाग, सूत महाग, कामगार मिळत नाही. त्यात यंत्र येऊन आमच्याविरुद्ध साक्ष द्यायला लागलं तर आम्ही ते खांबावर टिकू देणार नाही, हे मी आत्ताच स्पष्ट बोलतो.

कॅमेऱ्याची भीती सगळे बोलतात. हवा आणि आवाज मोजणारं यंत्रसुद्धा गरिबाच्या दारात बसलं की त्याची भीती वाटते.

---

कंबरतळे

मागधागा, तुमचा मुद्दा मोठा आहे आणि मी मांडलेल्या दोन वाक्यांत तो बसत नाही. म्हणून तिसरं वाक्य जोडायला हवं : ज्या कामासाठी यंत्र बसवलं तेवढ्याच कामासाठी त्याची माहिती वापरायची, आणि ते काम बसवायच्या आधी लिहून जाहीर करायचं.

शहराचा अभ्यास करायला बसवलेल्या यंत्राच्या आकड्यावर कुणाला नोटीस काढता येणार नाही, असं कलम उपविधीत थेट घालता येईल. वायू प्रदूषण कायदा, १९८१ च्या कलम २६ मध्येही तत्त्व असंच आहे. धुराड्याचा नमुना कोर्टात पुरावा म्हणून चालायचा तर तो ठरलेल्या पद्धतीनं, मालकाला सूचना देऊन घ्यावा लागतो. खांबावरच्या डबीचा आकडा त्या जागी चालत नाही.

पण एक विचारतो, मनापासून. तुमच्या खोलीतला आवाज आणि सुताची तूस आयुष्यभर तुमच्या कामगारांच्या कानात, छातीत जाते. ती मोजली गेली आणि पूर्व भागासाठी वेगळ्या औद्योगिक जागेची किंवा वैद्यकीय तपासणीची मागणी आकड्यांनिशी करता आली, तर ते तुम्हाला नको आहे का?

---

मागधागा

हवं आहे. आमच्या वडिलांना शेवटी शेवटी ऐकू येत नव्हतं. पण कागदावर ‘नोटीस काढणार नाही’ हे आधी यायला पाहिजे, अभ्यास नंतर. तेवढं झालं तर खांब माझ्या घराच्या भिंतीला लावा.

---

टाकीखाली

मी पाणीपुरवठ्यात नोकरी काढली. कुठल्या गावाला, कुठल्या खात्यात ते लिहीत नाही. आता घरीच असतो. म्हणून चार गोष्टी सांगतो, बघा पटतात का.

कंबरतळे, तुम्ही प्रवाहमापकाचं लिहिलं ते बरोबर हाय, पण निम्मं हाय. प्रवाह सांगतो किती पाणी गेलं. लोकांचं भांडण असतं दाबावरून. टाकी भरली, चावी सोडली, तर टाकीजवळच्या घरात पाणी धो धो आणि शेवटच्या टोकाच्या घरात नुसती हवा. मग टोकाचा माणूस मोटार लावतो. त्यानं लावली की त्याच्या अलीकडचा लावतो. सगळ्या मोटारी एकदम ओढायला लागल्या की लाइनमध्ये दाब उणे होतो आणि जिथं पाइप फुटलेला असतो तिथनं गटाराचं पाणी आत येतं. गढूळ पाणी आलं म्हणून बोंब होते ती अशी. पाणी रोज न सोडता दिवसाआड सोडणाऱ्या सगळ्या गावांचा हाच रोग आहे. पाणी बंद असलेल्या वेळात लाइन रिकामी असते, तेव्हाही हेच होतं.

म्हणून दाबमापक टाकीजवळ बसवून उपयोग नाही, ते शेवटच्या टोकाला बसवायला पाहिजेत. आणि त्याच टोकाला क्लोरीन मोजायला पाहिजे. आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या मानकात नळाच्या पाण्यात उरलेलं क्लोरीन लिटरला कमीत कमी ०.२ मिलिग्रॅम पाहिजे असं आहे. शुद्धीकरण केंद्रातून निघताना ते असतंच. टोकाला किती उरतं, प्रश्न तो आहे. सेन्सर कुठं बसवायचा हे ठरवणाऱ्याच्या हातात सगळं असतं. चांगला आकडा येईल अशीच जागा निवडायचा मोह होतो, मी बघितलाय. तुमच्या नियमात जागा कुणी आणि कशावरून ठरवायची हे आलं पाहिजे.

दुसरं. नुसता आकडा उघडा केला तर बिचारा चावीवाला मार खाईल. पंपावरची वीज गेली, दोन तास पुरवठा बंद, तर पुढचं सगळं वेळापत्रक घसरतं. लोकांना वाटतं चावीवाल्यानं पैसे घेऊन दुसऱ्या गल्लीला पाणी सोडलं. आकड्याबरोबर कारण पण दिसायला पाहिजे : वीज गेली, लाइन फुटली, दुरुस्ती चालू. उलट हे सगळं दिसायला लागलं तर प्रामाणिक चावीवाल्याच्या अंगावरचा संशय जाईल. रात्री दोनला उठून चावी सोडणाऱ्या पोरांबद्दल मला फार वाटतं, म्हणून लिहिलं.

---

पाणीपाहिजे

सगळं छान आहे हो, पण लोकांना नळाला पाणी पाहिजे. माहिती पिऊन तहान भागत नाही. सेन्सरला जो पैसा लागतो त्यात दोन गल्ल्यांचे जुने पाइप बदला.

---

टाकीखाली

कुठल्या दोन गल्ल्यांचे? हेच तर कळत नाही. आत्तापर्यंत पाइप बदलले जातात ते जिथला आवाज मोठा तिथले. खरं गळतंय कुठं ते जमिनीखाली. रात्री एक ते चार, कोण पाणी वापरत नसतं तेव्हा ज्या भागाचा प्रवाह कमी होत नाही, तिथं गळती आहे असं समजायचं. जुनी पद्धत आहे, जगभर वापरतात. फक्त आपल्याकडं पाणी चोवीस तास नसल्यामुळं ती जशीच्या तशी लागू होत नाही, तेव्हा त्या भागात पाणी चालू असताना घरांच्या मीटरची बेरीज आणि टाकीतून गेलेलं पाणी यांचा मेळ घालावा लागतो. मीटर नसतील तर मेळ बसत नाही. पैसा पाइपालाच घाला, माझं काही म्हणणं नाही. पण आधी मोजा.

---

लेक_सोलापूरची

माहेर दमाणी नगरचं, आता पुण्यात याच क्षेत्रात काम करते. हवेच्या यंत्रांबद्दल लिहिते, कारण इथं सगळ्यात जास्त फसगत होते.

स्वस्तातली जी यंत्रं असतात त्यांत एक छोटा लेझर असतो. हवेतले कण त्याच्यासमोरून गेले की प्रकाश विखुरतो आणि त्यावरून कणांचा अंदाज बांधला जातो. यातल्या दोन अडचणी सोलापूरसाठी अगदी महत्त्वाच्या आहेत. एक, हवेत दमटपणा वाढला की कण पाणी शोषून फुगतात आणि यंत्र खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवतं. म्हणजे पावसाळ्यात सकाळी विनाकारण घबराट. दुसरी अडचण उलटी आणि जास्त गंभीर. ही यंत्रं बारीक कण बऱ्यापैकी पकडतात, जाड धूळ त्यांना नीट दिसत नाही. आणि आपल्याकडचा मोठा त्रास कुठला? एप्रिल-मेमध्ये पारा त्रेचाळीसच्या वर असताना रस्त्याकडेची जी माती उडते, तो जाड धुळीचाच. म्हणजे ज्या दिवशी विजापूर रोडवर डोळे उघडवत नाहीत त्या दिवशी हे यंत्र पीएम १० कमी दाखवू शकतं, आणि कुणीतरी त्याच आकड्यावर सांगेल की हवा ठीक आहे.

यावर उपाय आहे. नवं यंत्र आधी प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या केंद्राशेजारी ठेवायचं. उन्हाळ्यात, पावसाळ्यात, थंडीत, तिन्ही ऋतूंत. दोघांचे आकडे जुळवून दुरुस्तीचं सूत्र काढायचं आणि ते सूत्रही जाहीर करायचं. कच्चा आकडा आणि दुरुस्त आकडा दोन्ही उघडे ठेवायचे. प्रत्येक यंत्रासोबत ते जमिनीपासून किती उंचीवर आहे, शेवटची तपासणी कधी झाली, मधे किती वेळ बंद होतं, हे पाहिजे. बंद असलेल्या वेळेची जागा रिकामी दाखवायची, आधीचा आकडा तसाच पुढं ओढायचा नाही.

चौकातल्या फलकावर ‘एक्यूआय’ म्हणून जो आकडा झळकतो त्याबद्दलही नियम हवा. केंद्रीय मंडळाच्या पद्धतीनुसार हवा गुणवत्ता निर्देशांक काढायला निदान तीन प्रदूषकांची मोजणी लागते, त्यात पीएम १० किंवा पीएम २.५ पैकी एक असावंच लागतं, आणि चोवीसपैकी किमान सोळा तासांची माहिती लागते. एकाच प्रदूषकाची दहा मिनिटांची मोजणी करून त्याला निर्देशांक म्हणणं चूक आहे. तसा आकडा दाखवायचाच असेल तर खाली ‘फक्त पीएम २.५, मागच्या तासाची सरासरी’ असं लिहावं.

आणि एक कळकळीची विनंती. माहिती ‘उघडी’ म्हणजे संकेतस्थळावर पीडीएफ टाकणं नव्हे, आणि हलणारा रंगीत नकाशाही नव्हे. मागच्या तीन वर्षांचे आकडे सीएसव्हीमध्ये, म्हणजे साध्या तक्त्याच्या फाइलमध्ये, उतरवून घेता आले पाहिजेत, प्रोग्राम लिहिणाऱ्यांसाठी एपीआय, म्हणजे प्रोग्रामला थेट आकडे घेता येतील अशी सोय, पाहिजे, आणि ठेका बदलला तरी जुने आकडे गेले नाहीत पाहिजेत. ठेका संपला की सर्व्हर बंद आणि आकडे गायब, हे मी कामात बघितलंय. पुण्याच्या महापालिकेनं उघड्या माहितीचं संकेतस्थळ सुरू केलं होतं. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेनं केंद्राच्या नगरविकास मंत्रालयाबरोबर शहरांच्या माहितीच्या देवाणघेवाणीसाठी ‘आययूडीएक्स’ नावाची यंत्रणा उभी केली. म्हणजे तांत्रिक बाजू कुणालातरी नव्यानं शोधायची आहे असं नाही.

---

वकील_सातरस्ता

कायद्याचं थोडं.

उपविधी हे उत्तम, पण तोपर्यंत हातावर हात ठेवून बसायचं कारण नाही. माहिती अधिकार कायदा, २००५ चं कलम ४ न मागता माहिती जाहीर करायला सांगतं, आणि ४(४) मध्ये स्थानिक भाषेचा विचार करावा असं स्पष्ट आहे. कलम २ मध्ये माहितीच्या व्याख्येतच इलेक्ट्रॉनिक स्वरूपातली सामग्री आहे, आणि ‘नियंत्रणाखाली’ असा शब्द आहे. म्हणजे आकडे ठेकेदाराच्या सर्व्हरवर असले, पण ठेक्यानुसार ते सार्वजनिक प्राधिकरणाच्या नियंत्रणात असले, तर ते मागता येतात. इथंच ठेक्याचा मजकूर महत्त्वाचा ठरतो. ‘सर्व माहितीची मालकी महापालिकेची राहील’ ही ओळ असेल तर तुमची बाजू भक्कम. नसेल तर ८(१)(घ) खाली व्यापारी गुपिताचं कारण पुढं केलं जाईल.

वैयक्तिक माहितीबाबत. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ चा. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि बरीच मुख्य बंधनं त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायची आहेत. पण त्याच कायद्यानं माहिती अधिकारातलं ८(१)(ञ) बदललं, आणि तो बदल लगेच लागू झाला. आधी खासगी माहिती नाकारताना ‘सार्वजनिक कामाशी संबंध नाही’ असं दाखवावं लागायचं. आता ‘वैयक्तिक माहिती आहे’ एवढं म्हटलं तरी पुरतं. काळजीची गोष्ट ही की उद्या कुणी अधिकारी साध्या पाण्याच्या बेरजेलाही वैयक्तिक माहितीचा शिक्का मारू शकतो. त्यावर दोन गोष्टी लक्षात ठेवा. ८(२) अजून जिवंत आहे, व्यापक जनहित जास्त असेल तर माहिती द्यावी लागते. आणि कलम १० नुसार देता येण्याजोगा भाग वेगळा करून द्यावा लागतो.

म्हणून उपविधीत कंबरतळ्यांचं ‘उघडी फक्त बेरीज’ हे वाक्य आकड्यात लिहा. किमान किती घरांची बेरीज ते ठरवा. नाहीतर तीन घरांच्या गल्लीची बेरीज देऊन कुणाच्या घरात काय चाललंय ते ओळखता येईल.

अर्ज दहा रुपयांचा, उत्तराची मुदत तीस दिवस. पहिल्याच अर्जात आकडे मागू नका. ठेक्याची प्रत मागा.

---

रंगभवन_संध्याकाळ

इतका वेळ वाचत होते. कॅमेऱ्याबद्दल सगळे भीतीनंच बोलतायत, म्हणून लिहिते.

मी शिकवणी घेते. मुली रात्री साडेआठला सुटतात. ज्या रस्त्यावर दिवा आणि कॅमेरा आहे त्या रस्त्यानं आया त्यांना एकट्या पाठवतात, ज्यावर नाही त्यावर पाठवत नाहीत. सॅन डिएगोची गोष्ट खरी असेल, पण तिथल्या लोकांनी कॅमेरे बंद करायला लावले म्हणून इथंही तेच बरं, असं मला म्हणवत नाही. मला कॅमेरा पाहिजे.

पण मला हेही पाहिजे की तो कोण बघतंय ते कळावं. एका ठिकाणी, कुठं ते सांगत नाही, एका मुलीचं चित्रण कुणाच्या तरी मोबाईलमध्ये फिरत होतं. पडद्याचा मोबाईलनं फोटो काढला होता. कुणी काढला ते शेवटपर्यंत कळलं नाही, कारण त्या वेळी खोलीत कोण होतं याची नोंदच नव्हती. ती मुलगी पुढं क्लासला आली नाही. मुलींना सुरक्षित ठेवायला लावलेल्या यंत्रानं तिचं शिक्षण थांबवलं, याचा मला अजून राग आहे.

म्हणून माझी मागणी : चित्रण बघणाऱ्याच्या प्रत्येक लॉगिनची नोंद. खोलीत मोबाईल नेता येणार नाही. तीस दिवसांनी चित्रण आपोआप पुसलं जाईल, तक्रार नोंदलेली असेल तेवढाच तुकडा राहील. दर तिमाहीला किती वेळा, कोणत्या कारणासाठी चित्रण दिलं याची संख्या जाहीर. आणि चेहरा ओळखणारी प्रणाली परस्पर जोडता येणार नाही, त्यासाठी वेगळा ठराव आणि वेगळ्या हरकती.

जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला होम मैदानावर आणि नंदीध्वजांच्या मिरवणुकीत किती गर्दी असते ते आपण जाणतो. तिथं डोकी मोजणारं यंत्र जीव वाचवेल, चेंगराचेंगरी टळेल. पण त्याला डोकी मोजू द्या, माणसं ओळखू देऊ नका. मोजणी यंत्रातच व्हावी आणि बाहेर फक्त आकडा यावा, असं करता येतं ना, लेक?

---

लेक_सोलापूरची

येतं, ताई. चित्र यंत्राच्या आतच तपासून लगेच टाकून द्यायचं आणि बाहेर फक्त संख्या पाठवायची, याला वेगळं अवजड तंत्र लागत नाही. पण यंत्र विकत घेतानाच तशी अट घालावी लागते. चित्र बाहेर पाठवायची सोय ठेवून ‘आम्ही वापरणार नाही’ असं तोंडी आश्वासन चालणार नाही.

---

शेळगीकडून

लहान मुद्दा आहे, पण सोडू नका. हे सगळं मराठीत तरी येणार का? आणि फक्त मराठीत आलं तर पूर्व भागातली तेलुगू बोलणारी आजी, कन्नड बोलणारा भाजीवाला, उर्दू शाळेतून शिकलेली पोरं यांनी काय करायचं? प्रत्येक खांबावर हाताला येईल एवढ्या उंचीवर एक पाटी पाहिजे : हे यंत्र काय मोजतं, कुणाचं आहे, तक्रार कुठं करायची. चार भाषांत. पाटी नसेल तर ते यंत्र अनधिकृत समजायचं.

---

कंबरतळे

शेळगीकडून, हा मुद्दा लहान नाही. खांबावरची पाटी ही नियमाची एकमेव अशी जागा आहे जी मोबाईल नसलेल्या माणसालाही दिसते.

सगळ्यांचं वाचून मसुद्याचं पहिलं रूप करतोय. रंगभवन ताई, तुमच्यामुळं कॅमेऱ्याचं प्रकरण वेगळं केलंय. माझ्या ‘पूर्ण बंद’ या एका शब्दात ते संपवता येत नाही, तुमच्या अटी त्यात जवळजवळ जशाच्या तशा घेतो. टाकीखाली काका, सेन्सरच्या जागा ठरवायला प्रत्येक टाकीच्या क्षेत्रातलं शेवटचं टोक बंधनकारक, असं लिहितोय. लेक, कच्चा आणि दुरुस्त आकडा दोन्ही, आणि ठेका संपला तरी आधीची सगळी माहिती पालिकेकडं सुपूर्द केल्याशिवाय शेवटचं बिल निघणार नाही, ही अट. पैशाला जोडली नाही तर ती अट कुणी पाळणार नाही.

वकीलसाहेब, बेरजेसाठी किमान वीस घरं धरू का?

---

वकील_सातरस्ता

वीस चालतील. पण अपार्टमेंटमध्ये वीस आणि वस्तीत वीस यांत फरक आहे. ‘किमान वीस नळजोडण्या, आणि त्यातली कुठलीही एक जोडणी एकूण वापराच्या निम्म्याहून जास्त नसावी’ असं लिहा. नाहीतर एका मोठ्या हॉटेलाचा वापर बेरजेतून उघडा पडतो आणि त्या कारणानं सगळंच अडवलं जातं. आणि ठेक्याच्या प्रतीचा अर्ज मी लिहून ठेवलाय, कुणाला सही करायची असेल तर संदेश पाठवा. एकापेक्षा जास्त नावांनी वेगवेगळे अर्ज गेले तर बरं.

---

पाणीपाहिजे

माझं नाव घाला अर्जात. टोकाचा दाब मोजणार असाल तर आमची गल्ली टोकाचीच आहे.

---

मागधागा

मसुद्याचं तेलुगू मी आणि माझी सून बसून करतो, तिचं वाचन चांगलं आहे. एकच अट. नोटिशीचं कलम शेवटी कुठंतरी घालू नका, पहिल्या पानावर घ्या. आमच्या लोकांनी तेवढं वाचलं तर पुढचं ऐकून घेतील.